कुरकुरीच्या बाजूने

धीर ही आपल्याकडची सगळ्यांत स्वस्त भेटवस्तू आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना संत्री न्यायची म्हटली तरी भाव करावा लागतो, शहाळं न्यायचं तर ते फोडणार कोण हा प्रश्न असतो. धीर न्यायला मात्र पिशवीसुद्धा लागत नाही. दारात चपला काढायच्या, चेहरा लांब करायचा, पंख्याखालची खुर्ची हेरून बसायचं आणि म्हणायचं, "खंबीर राहा!" झालं. चहा घेऊन माणूस मोकळा.

गेल्या तीन आठवड्यांत यवतमाळ शहर, घाटंजी, दारव्हा आणि सासुरवाडीचं पुसद, इतक्या ठिकाणांहून आमच्या घरात धीर येऊन पडला आहे. तो विकता आला असता तर माझ्या निम्म्या इंजेक्शनांचा खर्च निघाला असता. पण धीराला बाजार नाही. सगळे देणारेच. घेणारा मी एकटा.

कारण थोडक्यात सांगतो. दाढी करताना आमच्या सलूनवाल्याचा हात मानेपाशी थबकला आणि तो म्हणाला, "साहेब, हे गाठ कवापासून हाये जी?" तिथून बायोप्सी, बायोप्सीतून नागपूर, नागपूरला पेट स्कॅन असं करत करत निदान झालं, हॉजकिन्स लिम्फोमा. टॉमस हॉजकिन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी हा आजार १८३२ साली प्रथम नोंदवला, म्हणजे घराणं जुनं आहे. आजार बरा होणाऱ्यांतला आहे, बहुसंख्य रुग्ण बरे होतात, असं डॉक्टर म्हणाले. चार औषधं एकदम, दर पंधरा दिवसांनी, एकूण बारा वेळा. पहिली खेप येत्या सोमवारी.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. (हल्ली आम्हाला कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, पण काउंटरपलीकडून हाक येते ती "ओ बाबू" अशीच.) बारा हप्ते, ठरलेल्या तारखा, दर हप्त्याआधी रक्ताची तपासणी, हा व्यवहार मला समजतो. समजत नाही ती 'मनाची तयारी'. येणारा प्रत्येक जण विचारतो, "मनाची तयारी झाली का?" घरात चालणारा थर्मामीटर आहे का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझं भांडण आहे ते इथे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी राहतात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस लाखमोलाचा, पण मत सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखं. एकदा चढलं की उतरत नाही. ते म्हणाले, "कायले टेन्शन घेऊन राह्यले जी? कॅन्सर-बिन्सर काही नसते. सारं मनाचं असते. मन पक्कं ठेवलं की गाठ आपोआप इरघळते."

मी विचारलं, "आणि नाही विरघळली तर?"

"तर मंग समजाचं का मन कमी पडलं."

ह्या वाक्यावर मी दोन रात्री काढल्या. म्हणजे बघा, रोग माझा, सुया मला टोचणार, उलट्या मी करणार, आणि गुण नाही आला तर दोषही माझाच! कर्जदारालाच त्याच्या कर्जाला जामीन राहायला सांगण्यासारखं आहे हे. असा कागद आमच्याकडे आला तर आम्ही तो खिडकीतूनच परत करतो.

आणि हे शास्त्र विदर्भात कोणी सांगावं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय नागपुरात आहे. महाराज स्वतः १९६८ साली कॅन्सरनेच गेले. खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी करणाऱ्या त्या माणसाचं मन कमी पडलं, असं मोझरीच्या आश्रमात जाऊन म्हणून बघा. मी लांब उभा राहून बघेन. रामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कॅन्सरने गेले. रमण महर्षींना हातावर सार्कोमाची गाठ झाली, चार वेळा शस्त्रक्रिया झाली, १९५० साली ते गेले. ह्या तिघांच्या मनाला जे जमलं नाही, ते दुपारी साडेतीनला कॅश जुळत नाही म्हणून घामाघूम होणाऱ्या माझ्या मनाने करून दाखवायचं!

हा नुसता माझा रागही नाही. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोकं आणि मान ह्या भागांतल्या कॅन्सरचे हजाराहून जास्त रुग्ण त्यात होते. त्यांतले मनाने उभारलेले कोण आणि खचलेले कोण ह्याची नोंद ठेवून पुढे कोण किती जगलं ते पाहिलं. मनःस्थितीचा आणि जगण्याचा काही संबंध आढळला नाही. ह्याचा अर्थ खचावं असा नव्हे. खचलात तरी त्याला दंड नाही, एवढाच. मला तर हे वाचून इतकं बरं वाटलं की त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

ह्या खंबीरपणाच्या रोगाचं मूळ शोधत गेलं की बहुतेक थेटरात जाऊन पोचतं. 'आनंद' चित्रपट १९७१ साली आला. त्यातल्या नायकाला आतड्यांचा लिम्फोसार्कोमा असतो, म्हणजे आमच्याच भावकीतला रोग. तर हा मनुष्य चित्रपटभर गातो, हसतो, हसवतो, ओळख नसलेल्यांच्या पाठीवर थाप मारतो आणि शेवटी सगळ्या थेटराला रडवून जातो. राजेश खन्नाबद्दल मला आदरच आहे. पण त्या चित्रपटापासून कॅन्सरच्या रोग्याने भेटायला येणाऱ्यांची करमणूक करायची असते, असा समज झाला तो झालाच. त्यातून मी पडलो चार विनोदी लेख लिहिलेला माणूस. "तुमचं काय बुवा, तुम्ही हसत हसत घ्याल," असं लोक म्हणतात आणि खुर्ची पुढे ओढून वाट बघत बसतात. एका गृहस्थांनी तर "एखादा किस्सा होऊन जाऊ द्या" अशी फर्माईशच केली. नुकताच मी चार नळ्या रक्त देऊन आलो होतो. त्यांना मी तोच किस्सा सांगितला. त्यांना तो फारसा आवडला नाही.

आता उलट बाजू. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात, कॅन्सर अंगात पसरलेल्या आणि केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने नेहमीच्या रीतीने, डॉक्टर भेटतील तेव्हा काय होतंय ते सांगायचं. दुसऱ्या गटाला एक यंत्रणा दिली आणि सांगितलं, मळमळ, दुखणं, धाप, थकवा, जे काय होत असेल ते वेळोवेळी ह्यात नोंदवत जा. तक्रार बळावली की नर्सला आपोआप निरोप जायचा आणि नर्स हालचाल करायची. २०१७ साली निकाल आला. नोंदवणाऱ्यांच्या गटात अर्धे रुग्ण ३१ महिन्यांपलीकडे जगले. दुसऱ्या गटात हाच आकडा २६ महिन्यांचा होता. पाच महिने! नवं औषध नाही, ऑपरेशन नाही. कुरकुर केली आणि ती कोणीतरी वेळेवर ऐकली, इतकंच. माझ्या बायकोने गेली एकोणीस वर्षं माझ्या कुरकुरीला नावं ठेवली आहेत. तिला मी हा आकडा दाखवला. ती म्हणाली, "त्यात लिहिलंय ना, नर्सकडे करायची म्हणून?"

खंबीर माणूस काय करतो ते मी पाहिलं. नागपूरला तपासण्यांसाठी गेलो होतो तेव्हा माझ्या शेजारच्या बाकावर घाटंजीकडचे एक शेतकरी होते. सत्तरीचे, डोक्याला पांढरं फडकं, हातापायांच्या काड्या. दोन मुलं बरोबर. थोरला मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाबाले सांगतलं नाही जी आम्ही. पित्ताची गाठ हाये म्हनून सांगतलं. घाबरतीन ना." बाबांची दुसरी केमो होऊन दहा दिवस झाले होते. नर्सने कपाळाला हात लावला, मग थर्मामीटर लावला, आणि तिचा चेहरा बदलला. ताप तीन दिवसांपासून होता. थोरल्याच्या आवाजात अभिमान होता: "बोल्ले नाही जी. लय खंबीर हायेत बाबा." पित्ताच्या गाठीला ताप आला तर त्यात सांगण्यासारखं काय असतं? त्या म्हाताऱ्याचा काय दोष? पळतच त्यांना आत नेलं. आठ दिवस अतिदक्षता विभागात होते, एवढं मागाहून कळलं. त्यापुढचं मला कळलं नाही.

२००४ साली आलेल्या आपल्या 'श्वास' चित्रपटात हाच झगडा आहे. नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर, ऑपरेशन केलं तर दृष्टी जाणार, आणि डॉक्टरांचा हट्ट असा की पोराला आधी सांगा. सात-आठ वर्षांच्या पोराला सांगायचं. आणि आपण सत्तर वर्षांच्या, तीन मुली उजवलेल्या, चार दुष्काळ पाहिलेल्या माणसाला सांगत नाही, कारण ते घाबरतील!

तापाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल म्हणून सांगतो. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. पण केसांची मुळं, तोंडाच्या आतली कातडी आणि रक्त तयार करणारी हाडांतली मज्जा ह्याही भराभर वाढतात, तेव्हा सुक्याबरोबर ओलंही जळतं. इंजेक्शनानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या वेळी अंगात जंतू शिरला तर सूज यायला, पू धरायला शिपाईच जागेवर नसतात. ताप ही एकच घंटा वाजते. ती १००.४ अंश फॅरनहाइटला वाजली की रात्रीचे दोन असोत की दिवाळीचा पाडवा, तडक दवाखाना गाठायचा. अँटिबायोटिक शिरेतून, आणि तेही तासाभरात सुरू झालेलं बरं. ताप न मोजता क्रोसिन घेऊन पांघरूण ओढून पडणं म्हणजे घंटेत कापूस कोंबणं.

तर ह्या १००.४ अंशांची तयारी कोणी करायची? नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटर. रात्री दोनला तिकडे निघणं वेडेपणाचं. म्हणून मी डॉक्टरांकडून एक पत्र मागून घेतलं: ह्या रुग्णाची केमोथेरपी चालू आहे, अमुक औषधं, ताप असल्यास ताबडतोब रक्ताची तपासणी करून अमुक इंजेक्शन सुरू करावं, आणि ह्या नंबरावर फोन करावा. पत्राच्या पाच प्रती. एक घरी, एक पाकिटात, एक शेजाऱ्यांकडे, एक शाखेत, आणि एक घेऊन मी यवतमाळातच जिथे रात्री जाणार तिथे आधी दिवसाउजेडी जाऊन आलो. कॅज्युअल्टीचं दार कुठलं, गाडी कुठवर जाते, रात्री रक्त कुठे तपासतात, सगळं पाहिलं. तिथल्या वॉर्डबॉयने विचारलं, "पेशंट कुठं हाये?" मी म्हटलं, "मीच. पण अजून नाही."

भाऊसाहेबांना हे अशुभ वाटलं.

अशुभावरून आठवलं. माझं पगाराचं खातं एकट्याच्या नावावर होतं, ते मी दोघांच्या नावावर केलं. आमच्या फॉर्मवर त्याला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणतात: दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. हे शब्द मी दिवसातून दहा वेळा परक्या जोडप्यांना समजावून सांगतो, "इथे टिक करा, काकू." ह्या वेळी काकूंच्या जागी सौ. होती. तिने ते तीन शब्द वाचले, पेन ठेवलं आणि टोकनच्या पाटीकडे बघत बसली. मागे रांगेतला एक जण म्हणाला, "चला ना जी लवकर." मग तिने सही केली.

हा फॉर्म भरणं म्हणजे धीर सोडणं, असं माझ्याच शाखेतला एक सहकारी म्हणाला. त्याला मी बारा वर्षं ओळखतो. नॉमिनी न नेमता गेलेल्या खातेदारांच्या बायका चार-चार महिने वारसाचे कागद घेऊन ह्याच माणसासमोर उभ्या असतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. मालकी कोणाची ते मृत्युपत्रात लिहावं लागतं. हे सगळं केमोच्या आधी करून टाकावं, कारण नंतर हात थरथरला की सही जुळत नाही, आणि सही जुळली नाही की आम्ही कागद परत करतो. आम्ही म्हणजे मीच.

पैशाचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते आणि २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ती योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच मिळते आणि रेशनकार्ड-आधारवरचं नाव जुळावं लागतं. त्या घाटंजीच्या मुलाला कोणी "खंबीर राहा" म्हणण्याऐवजी "रेशनकार्डावरचं नाव बघून घे" म्हणालं असतं, तर त्याच्या दोन खेपा वाचल्या असत्या. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरमध्ये आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सूट देते, सोबत्याला पाऊण. आम्ही यवतमाळकर हे ऐकून सुखावतो आणि मग गाडी पकडायला वर्ध्याला जातो. शकुंतला बंद पडली; वर्ध्याहून निघालेली नवी गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली. तेव्हा एसटी. तीत सौ.ला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे आजारी मी आणि सवलत तिला. वाटेत कळंबला चिंतामणीच्या पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं तिने ठरवलं आहे. माझी हरकत नाही. चिंतामणीने आजवर कोणाला "मन कमी पडलं" असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता पुसदच्या मामेसासऱ्यांकडे वळतो, कारण ते वळल्याशिवाय सोडणार नाहीत. ते आले ते सदाफुलीच्या पाल्याची पिशवी घेऊनच. "अंगणात औषध असताना ते केमिकल कायले घेता, जावईबापू?"

मी त्यांना माझ्या चार औषधांतल्या एकाचं नाव दाखवलं, विनब्लास्टिन. ते सदाफुलीतूनच निघालेलं आहे. १९५८ च्या सुमारास कॅनडात दोन शास्त्रज्ञ सदाफुली मधुमेहावर चालते का ते पाहत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि ते चाणाक्ष निघाले. बाकीच्यांतली दोन औषधं मातीतल्या जंतूंपासून मिळाली, एक जपानच्या मातीत, एक इटलीतल्या एका किल्ल्याजवळच्या मातीत. तेव्हा निसर्गोपचारच म्हणायचा तर हाच घ्या की! फरक इतकाच की मणभर पाल्यातून त्यातलं चिमूटभर निघतं, आणि ते नेमकं किती द्यायचं हे मिलिग्रॅमवर ठरतं. त्यासाठी माणसाचं उंची-वजनावरून क्षेत्रफळ काढतात. माझं पावणेदोन चौरस मीटर भरलं. गृहकर्जाच्या सवयीने मी विचारलं, "कार्पेट की बिल्ट-अप?"

मामेसासरे म्हणाले, "मंग दोन्ही घ्या. डबल होईन." हे 'डबल'च भोवतं. काढे, रस, भस्म, जे काय पोटात जातं ते यकृतातूनच जातं, आणि यकृताला त्या दिवसांत आधीच ओव्हरटाइम असतो. घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावं. लपवून नव्हे. पिशवी मी परत दिली नाही. पाला गुलाबांना खत म्हणून घातला.

बाकी तयारी भराभर सांगतो. दात आधी दाखवून घ्यावेत, कारण किडका दात पांढऱ्या पेशींच्या गैरहजेरीत दरोडेखोर होतो. मी एक रूट कॅनॉल उरकलं. तोंड येतं, म्हणून मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या गुळण्या. चारांतल्या एका औषधासाठी हृदयाचा एको, दुसऱ्यासाठी फुफ्फुसाची फुंकर-चाचणी. एक औषध लालभडक असतं, त्यानंतर दिवस-दोन दिवस लघवी लाल होते. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस संडासातच खचतो, आणि तिथे धीर द्यायला कोणी नसतं. उलट्यांची औषधं आता चांगली आहेत. सिनेमातली केमो आता फारशी तशी राहिलेली नाही. आणि ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी पहिल्या इंजेक्शनाच्या आधी डॉक्टरांशी त्याबद्दल बोलावं, बीज साठवून ठेवता येतं. हे विचारायची घरातल्या मोठ्यांना लाज वाटते. ती लाज सव्वीस वर्षांच्या पोराला जन्मभर पुरते.

मनाची तयारी? झाली म्हणायची, पण धीराने नव्हे. डॉक्टरांना विनंती करून मी केमो देतात तो कक्ष आधी पाहून आलो. माझ्या डोक्यात तिथे अंधार होता. प्रत्यक्षात खिडक्या होत्या, ओळीने आरामखुर्च्या होत्या, एक आजी मोबाइलवर मालिका बघत होत्या आणि त्यांच्या हातातली नळी त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. एका नर्सने बाटलीवरचं नाव वाचलं, दुसरीने रुग्णाच्या मनगटावरचं वाचलं, दोघींनी डोस ताडून पाहिला, दोघींनी सह्या केल्या. बँकेत ह्याला आम्ही मेकर-चेकर म्हणतो: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासल्याशिवाय पैसा हलायचा नाही. त्या दोन सह्या पाहून माझी निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी आहे. ती रात्री तीनला येते. मी सौ.ला उठवतो, आणि ती "घाबरू नका" असं म्हणत नाही, ती म्हणते, "मलाही येते." तिलाही दिवसभर लोक सांगत असतात, तुम्हीच खचलात तर त्यांनी कोणाकडे बघायचं! म्हणून ती बिचारी कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात रडून घेत असे. आता आम्ही रात्री तीनला चहा करतो.

गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले. कीर्तनात त्यांनी लोकांना बोल लावले, हसवलं, रडवलं, पण कीर्तन संपल्यावर नुसता धीर देऊन ते उठून गेले नाहीत. पंढरपूरला, आळंदीला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. मुंबईत खाट मिळणं म्हणजे काय, हे ज्याने फलाटावर रात्र काढली आहे त्याला विचारा.

तेव्हा आता मी धीर घेणं बंद केलं आहे. दारामागे एक वही टांगली आहे. जो येतो त्याने "काही लागलं तर सांगा" म्हणायच्या आधी वहीत नाव लिहायचं. एकाने रक्ताचे रिपोर्ट आणायचे. एकाने चिरंजीवांचं गणित घ्यायचं. शेजारच्या वहिनी मंगळवारचा डबा देणार आहेत, शाखेतल्या कॅशियरबाई गुरुवारचा. सर्दी-खोकला असणाऱ्याने फाटकातूनच हात करायचा. सलूनवाला शनिवारी घरी येऊन केस बारीक करून जाणार आहे. पैसे घेणार नाही म्हणतो, त्यावर अजून वाद चालू आहे. आणि भाऊसाहेबांनी दोन दिवस वहीकडे रागाने बघून शेवटी पेन उचललं: "रात्री फोन आला तं गाडी घेऊन येतो. पन हे अशुभ हाये, सांगून ठेवतो." त्यांच्या गाडीत टाकी भरलेली असते की नाही ते मी रोज संध्याकाळी विचारून घेतो. तेही आता माझ्यावर कुरकुरायला लागले आहेत.

थर्मामीटर तीन जमले आहेत, चौथा आणू नये. बुधवारच्या डब्यापुढे अजून नाव नाही. रात्री बारा ते पहाटे पाचसाठी भाऊसाहेबांना एक जोडीदार हवा आहे, गाडी चालवता येणारा. खंबीर नसला तरी चालेल.